केग, बॅरल की कास्क? कोटेशनमध्ये नक्की काय लिहिलेलं हवं

प्रश्न असा आला आहे: ताराबाई पार्कात जेवणाच्या हॉटेलला जोडून परमिट रूम सुरू होतेय. नळातून द्यायच्या ड्राफ्ट बिअरसाठी तीन ठिकाणांहून कोटेशन मागवली. एकात '५० लिटर केग' आहे, दुसऱ्यात 'बिअर बॅरल', तिसऱ्यात 'स्टील कास्क'. तिन्ही एकच का? नसतील तर मागायचं काय? आणि मेनूकार्ड मराठीत छापायचं आहे, त्यावर काय लिहायचं?

मी उद्यमनगरातून काम करतो. कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी आणि खाली निपाणीपर्यंतच्या हॉटेलांत ड्राफ्टची मशीन बसवणं, लाइन (केगपासून नळापर्यंतची बिअरची नळी) धुणं, कूलिंग दुरुस्त करणं हा माझा रोजचा धंदा. या तीन शब्दांच्या घोळातून चुकीचा माल आलेला मी अनेक ठिकाणी पाहिला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरळ उत्तर आधी. तुम्हाला हवा आहे तो केग. बॅरल हा शब्द आपल्याकडे बोलण्यात चालतो, पण कागदावर नको, कारण ते मापाचंही नाव आहे आणि ते माप देशागणिक बदलतं. कास्क ही वेगळ्या पद्धतीच्या बिअरची वस्तू आहे, तुमच्या मशीनला ती जोडताच येणार नाही. तिसऱ्या कोटेशनवाल्याला केगच म्हणायचं असणार. तरीही त्याच्याकडून ते लेखी बदलून घ्या.

आता केग म्हणजे काय ते बघू. केग म्हणजे नुसतं स्टीलचं भांडं नव्हे. भांडं, त्याच्या गळ्यात बसवलेला व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हपासून थेट तळापर्यंत गेलेली नळी, हे तिन्ही मिळून केग होतो. गावच्या दूध डेअरीतले ४० लिटरचे कॅन तुम्ही पाहिलेच असतील. कॅनचं झाकण काढलं की आत हात जातो, माप बुडवता येतं, घासता येतं. केगला झाकणच नसतं. वरच्या बाजूला मधोमध एकच तोंड असतं आणि तेही व्हॉल्व्हने कायम बंद. ब्रुअरीत तो बंदच्या बंद धुतला जातो, वाफेने निर्जंतुक होतो, त्याच तोंडातून भरला जातो आणि बिअर बाहेर येते तीही तिथूनच. तुमच्याकडे आल्यापासून रिकामा होऊन परत जाईपर्यंत आतल्या बिअरला बाहेरची हवा लागत नाही. केगचा सगळा उपयोग यातच आहे.

केग चालू कसा होतो, ते एकदा जवळून बघा. गळ्यावर कपलर, म्हणजे केगला गॅस आणि लाइन जोडणारा भाग, ठेवायचा, खाचा जुळवायच्या, घड्याळाच्या काट्याच्या दिशेने थोडा फिरवून घट्ट अडकवायचा. मग कपलरचा दांडा जरा बाहेर ओढून खाली दाबायचा. खट्ट आवाज होतो, व्हॉल्व्ह आत दबतो आणि दोन वाटा एकदम उघडतात. एका वाटेने सिलिंडरमधला कार्बन डायऑक्साइड आत शिरून बिअरवर वरून दाब देतो. त्या दाबाने बिअर तळातून नळीत शिरते, वर चढते आणि दुसऱ्या वाटेने लाइनमध्ये येते. म्हणजे वरच्या तोंडातून येणारी बिअर खरं तर तळातली असते. केग उभाच ठेवायचा तो यासाठी. आडवा केला तर निम्मी बिअर गेल्यावर नळीचं टोक बिअरच्या वर उघडं पडतं आणि नळातून नुसता गॅस फुरफुरतो.

शब्द जुना आहे. जुन्या नॉर्स भाषेत 'कग्गी' होता, इंग्रजीत तो आधी 'कॅग' झाला आणि पुढे केग. अर्थ होता लहान लाकडी पिंप, ब्रिटिश वापरात साधारण १० गॅलनच्या आतलं. त्यात बिअरच असायची असं काही नाही. खिळे, बंदुकीची दारू, खारवलेले मासे, ब्रँडी, जे उचलून न्यायचं ते केगमध्ये. आज मात्र दारूच्या धंद्यात केग म्हटलं की वर सांगितलेली दाबाखालची बंद टाकीच समजतात. जुन्या अर्थातलं 'लहान लाकडी पिंप' एखाद्या शब्दकोशात सापडेल, पण त्या अर्थाने ऑर्डर देऊ नका.

बॅरलचा घोळ मोठा आहे. कोल्हापुरात बॅरल म्हटलं की कोणाच्याही डोळ्यासमोर २०० लिटरचा लोखंडी ड्रम येतो, ऑइलचा किंवा बांधकामावर पाणी भरून ठेवलेला. पेपरात कच्च्या तेलाचा भाव बॅरलमध्ये येतो, तो बॅरल ४२ अमेरिकन गॅलनचा, म्हणजे सुमारे १५९ लिटरचा. बिअरचा बॅरल आणखी निराळा: अमेरिकेत ३१ गॅलन, म्हणजे ११७ लिटर. ब्रिटनमध्ये ३६ गॅलन, पण त्यांचा गॅलन मोठा, त्यामुळे जवळपास १६४ लिटर. ब्रुअरी आपलं उत्पादन या मापात मोजतात. तेवढ्या आकाराची टाकी हॉटेलात कोणी आणून ठेवत नाही.

अमेरिकन व्हिडिओ बघून मशीनची माहिती काढणारे मालक इथे हमखास गोंधळतात. त्यात 'हाफ बॅरल' असा शब्द येतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हा लहान केग असावा. प्रत्यक्षात हाफ बॅरल हा तिथला पूर्ण आकाराचा केग आहे, सुमारे ५८.७ लिटरचा. क्वार्टर बॅरल त्याच्या निम्मा. बॅरलच्या सहाव्या हिश्शाचा अरुंद, उंच केगही असतो, साडेएकोणीस लिटरच्या आसपास. आपल्याकडे व्यवहार लिटरमध्ये चालतो आणि केग ५०, ३० किंवा २० लिटरचे येतात, तेव्हा ते अमेरिकन हिशेब बाजूला ठेवलेले बरे. घरी बिअर बनवणाऱ्यांच्या व्हिडिओत 'कॉर्नी केग' दिसतो. तो १९ लिटरचा कॉर्नेलियस केग, मूळचा सोडा फाउंटनच्या सिरपसाठीचा. त्याचं झाकण निघतं आणि गॅसचं व बिअरचं तोंड वेगवेगळं असतं. तो तुमच्या कामाचा नाही.

तुमचे वेटर मात्र 'बॅरल संपला, नवीन लावा' असंच ओरडणार, आणि त्यात काही बिघडत नाही. माझ्यासोबतची पोरंही तेच म्हणतात. काळजी घ्यायची ती कोटेशन, बिल, डिपॉझिटची पावती आणि स्टॉक रजिस्टर इथे. दुसऱ्या कोटेशनमध्ये 'बिअर बॅरल' एवढंच असेल आणि लिटर लिहिलेले नसतील, तर दराची तुलना करताच येणार नाही. ३० लिटरचा दर ५० लिटरच्या दराशेजारी ठेवून स्वस्त मिळाला म्हणण्यात अर्थ नाही.

कास्कचं थोडं समजून घ्या, कारण तो शब्द तुम्ही व्हिस्कीच्या लेबलवर वाचला असेल. 'सिंगल कास्क' म्हणजे एकाच लाकडी पिंपात मुरलेली व्हिस्की. तिथे कास्क हे मुरवायचं भांडं आहे. बिअरमधला कास्क ही ब्रिटिश परंपरा. त्यातली बिअर गाळून, पाश्चराइझ करून भरत नाहीत. यीस्ट जिवंत असतं, पबच्या तळघरात येऊनही आत थोडं आंबणं चालू राहतं आणि त्यातूनच तिचा सौम्य गॅस तयार होतो. कास्कला दोन तोंडं: एक पोटावर, एक सपाट बाजूला. तो आडवा ठेवतात, गाळ खाली बसू देतात, पोटावरच्या बुचात लाकडी खुंटी मारून गॅस सोडतात आणि सपाट बाजूच्या तोंडात नळ ठोकतात. बिअर आपल्या वजनाने किंवा हातपंपाने येते, बाहेरून गॅसचा दाब नाही. बिअर निघते तशी आत हवा शिरते, म्हणून उघडलेला कास्क तीनेक दिवसांत संपवावा लागतो. वाढायचं तापमानही ११ ते १३ अंश. आपल्या गिऱ्हाईकाला ती कोमट लागेल.

कास्क लाकडी आणि केग स्टीलचा, अशी समजूत सगळीकडे आहे. ती चूक आहे. ब्रिटनमध्ये आज बहुतेक कास्कही स्टीलचे किंवा ॲल्युमिनियमचेच असतात. 'स्टील कास्क' नावाची वस्तू खरोखरच आहे, आणि म्हणूनच तिसरं कोटेशन तसंच ठेवणं धोक्याचं. फरक धातूचा नाही. बिअर बाहेर कशी येते, फरक तिथे आहे. ब्रिटनमध्ये या फरकावरून चळवळ उभी राहिली. १९७१ मध्ये 'कॅमरा' ही ग्राहकांची संघटना स्थापन झाली ती कास्कची बिअर वाचवायला, आणि त्यांच्या बोलण्यात 'केग बिअर' ही जवळजवळ शिवी होती: गाळलेली, पाश्चराइझ केलेली, बाहेरून गॅस भरलेली. त्या काळातली गाजलेली केग बिअर म्हणजे वॉटनीज रेड बॅरल. नाव बॅरल आणि यायची केगमधून, तेव्हा शब्दांची सरमिसळ तिकडेही झालीच आहे. ब्रिटिश लेखात 'केग' हलक्या अर्थाने आलेला दिसला तर त्यामागे हा वाद आहे. आपल्याकडे त्या शब्दाला तसला काही रंग नाही.

आता मराठीचं. काही जण सुचवतील, 'पिंप' लिहा. पिंप हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज 'पिपा'वरून आला, आणि पिपा म्हणजे दारूचं लाकडी पिंपच. म्हणजे मुळाकडे पाहिलं तर शब्द चुकीचा नाही. पण आज पिंप म्हटल्यावर कोल्हापुरातल्या माणसाला पाणी भरून ठेवलेलं, वरून उघडं, तांब्या बुडवायचं पिंप दिसतं. 'पिंपातली बिअर' वाचून गिऱ्हाईकाला ती उघड्यावर ठेवलेली वाटेल, आणि केगचा सगळा गुण तर बंद असण्यात आहे. 'पीप' आणि 'बुधला' यांचीही तीच गत. माझं स्पष्ट मत: केगच लिहा. आपण सिलिंडर, रेग्युलेटर, कॉम्प्रेसर हे शब्द घेतले तसाच हा.

लिहायचं 'केग', 'कॅग' नको. कॅग हा शब्द मराठी वर्तमानपत्रांनी महालेखापरीक्षकांसाठी रूढ केला आहे. लिंग पुल्लिंगी: तो केग, रिकामा केग, भरलेला केग. अनेकवचन तेच: दोन केग आले, चार केग परत गेले. 'केग्स' म्हणायची गरज नाही.

मेनूवर केग हा शब्द ठळक नसला तरी चालेल. गिऱ्हाईक केग मागत नाही, ग्लास मागतं. तिथे 'ड्राफ्ट बिअर' लिहा, पुढे ब्रँड, आणि त्यापुढे मिली न चुकता: ग्लास ३३० मिली, मग ५०० मिली, पिचर १५०० मिली, जे तुम्ही ठेवाल ते. नुसतं 'मग' किंवा 'पिचर' छापलं की रोज एका टेबलावर वाद होणार. ड्राफ्ट या शब्दाबद्दलही एक सांगतो. त्याचा अर्थ ओढून, म्हणजे नळातून, काढलेली बिअर. पण कॅनवरही 'ड्राफ्ट' छापलेलं असतं. ते ब्रँडचं नाव झालं, त्याचा केगशी संबंध नाही. तुमची बिअर खरोखर नळाची असेल तर 'ड्राफ्ट बिअर, थेट केगमधून' असं लिहा, म्हणजे शंका उरत नाही.

आता कोटेशनकडे परत. 'केग' लिहून घेतलं म्हणजे झालं असं नाही, त्याला जोडून तीन गोष्टी लागतात. पहिली, लिटर. दुसरी, कपलरचा प्रकार. केगच्या गळ्यातले व्हॉल्व्ह वेगवेगळ्या बनावटीचे असतात आणि त्यांना अक्षरांची नावं आहेत. ए टाइप कपलर बाजूने सरकवून बसतो. एस आणि डी वरून ठेवून फिरवायचे. एस आणि डी दिसायला इतके सारखे की नवखा माणूस हमखास फसतो, पण एसची आत जाणारी नळी जरा लांब असते आणि अदलाबदल चालत नाही. पुढेमागे दोन कंपन्यांची बिअर ठेवणार असाल तर दोघांनाही आधी विचारा, कोणता कपलर लागतो. शनिवारी संध्याकाळी नवा केग आला आणि कपलर बसत नाही, ही वेळ त्या एका प्रश्नाने टळते.

तिसरी गोष्ट मालकीची. केग तुम्ही विकत घेत नाही. बिअर तुमची, केग ब्रुअरीचा. डिपॉझिट भरायचं, रिकामा परत द्यायचा. केगच्या वरच्या कड्यावर कंपनीचं नाव, लिटर आणि बहुधा रिकामं वजन ठोकलेलं असतं. माल उतरवून घेताना ते वाचा आणि चलनाशी ताडा. ५० लिटरचा भरलेला केग ६० किलोच्या वर जातो, रिकामा १० ते १३ किलोच्या दरम्यान. मागच्या दारात साधा वजनकाटा ठेवलात तर चालू केगमध्ये किती उरलंय तेही कळतं: वजनातून रिकामं वजन वजा करा, उरलेले किलो म्हणजे जवळजवळ तेवढेच लिटर.

हिशेब विचाराल तर ५० लिटर म्हणजे ६५० मिलीच्या सुमारे ७७ बाटल्या, किंवा ५०० मिलीचे १०० मग. हे कागदावर. प्रत्यक्षात फेस जातो, पहिली धार जाते आणि लाइनमध्ये बिअर उभी राहते. लाइन आतून साडेनऊ मिलीमीटरची असेल तर दर मीटरला ७० मिली बिअर नळीतच असते. केग मागच्या खोलीत आणि नळ पुढच्या काउंटरवर, मध्ये १० मीटर, म्हणजे ७०० मिली. लाइन धुताना दर वेळी तेवढी बिअर जाते. म्हणून केगची जागा आणि नळाची जागा नकाशातच जवळ आणा. तुमचं फर्निचर अजून व्हायचं आहे, तेव्हा हे आत्ताच करता येईल.

धुण्याचा खर्च वाचवू नका. चौदा दिवसांतून एकदा कॉस्टिकने लाइन धुतलीच पाहिजे, आणि तीन महिन्यांतून एकदा ॲसिडने, कारण नळीच्या आत कॅल्शियम ऑक्झलेटचा थर धरतो, त्याला आम्ही बिअर स्टोन म्हणतो, आणि तो कॉस्टिकने निघत नाही. गिऱ्हाईक 'आंबूस लागते, केग खराब आला' म्हणतं तेव्हा मी आधी नळाचं तोंड उघडून बोट फिरवतो. बोटाला बुळबुळीत लागलं की केगचा दोष नसतो.

थंडाव्याबद्दल तडजोड करू नका. गाडीतून उतरलेला केग लगेच जोडू नका. कोल्ड रूममध्ये २ ते ४ अंशांवर निदान २४ तास उभा राहू द्या. ३ अंशांना १० ते १२ पीएसआय दाब साधारण पुरतो, लाइन लांब असेल तर थोडा वाढवावा लागतो. केग बाहेरच, २५ अंशांवर ठेवला, तर तेवढाच गॅस बिअरमध्ये धरून ठेवायला दुपटीहून जास्त दाब लागतो. मग एप्रिल-मेमध्ये नळातून अर्धा ग्लास फेसच येतो आणि मालक रेग्युलेटर फिरवत बसतात. कोटेशनमध्ये इन्स्टंट कूलर असेल, म्हणजे केग बाहेर आणि बिअर वाटेत कॉइलमधून थंड होणार, तर तो चालतो, पण खप पक्का असला पाहिजे. केगमधली बिअर बऱ्याचदा पाश्चराइझ केलेली नसते आणि बाहेरच्या उष्णतेत ती लवकर उतरते. विक्रीचा अंदाज येईपर्यंत ५० ऐवजी ३० लिटरचे केग घ्या, असा माझा सल्ला आहे.

पुढचं तुमच्या कामगारांना स्वतः समजावून सांगा. केग ही दाबाखालची टाकी आहे, रिकामी दिसली तरी. गळ्यातला व्हॉल्व्ह पान्याने किंवा छिन्नीने उघडायचा नाही. आत दाब असताना तो सुटला तर नळीसकट गोळीसारखा वर उडतो, आणि यात माणसं मेली आहेत. भंगारात देणं, कापून चूल किंवा टाकी करणं हेही नाही. केग तुमच्या मालकीचा नाही आणि गॅस कटर लावण्याइतका सुरक्षितही नाही. सिलिंडर संपला म्हणून शेजारच्या वर्कशॉपमधला हवेचा कॉम्प्रेसर जोडायचा नाही. हवेतल्या ऑक्सिजनने बिअर एका दिवसात बिघडते आणि कॉम्प्रेसरचं तेल आत जातं ते वेगळंच. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, गळती झाली की तो खाली साचतो. केग तळघरात किंवा बिनखिडकीच्या खोलीत ठेवणार असाल तर जमिनीलगत हवा खेळती ठेवा आणि गॅसचा अलार्म लावा. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा.

परवान्याबद्दल: ड्राफ्टची मशीन बसवण्याआधी तुमच्या परवान्यात काय बसतं आणि केगची नोंद रजिस्टरला कशी करायची, हे राज्य उत्पादन शुल्कच्या कार्यालयात जाऊन लेखी विचारून घ्या. बिअरसाठी २१ वर्षांची अट आहे, ती नळाच्या बिअरलाही तशीच लागू.

तिन्ही कोटेशनवाल्यांना हे एकच वाक्य पाठवा आणि त्यावर नव्याने दर मागा: '३० लिटर स्टेनलेस स्टील केग, कपलरचा प्रकार नमूद करावा, प्रति केग परत मिळणारं डिपॉझिट वेगळं दाखवावं, रिकामा केग नेण्याचा खर्च कोणाचा ते लिहावं, दर १४ दिवसांनी लाइन धुणं दरात धरलं आहे की नाही ते लिहावं.' उत्तरात जो अजूनही 'बॅरल' किंवा 'कास्क' लिहील, त्याला फोन करून केगच्या गळ्याचा फोटो मागवा. फोटोत एकच तोंड, मधोमध व्हॉल्व्ह आणि कड्यावर लिटर ठोकलेले दिसले तर माल बरोबर आहे, पुढे दराचं बोला.